जाहिरातीचं तूप

किन्नरी चोकसीला काळजी करायला कारण लागत नसे. दूध उतू गेलं तर गेलं म्हणून, आणि नाही गेलं तर आज कसं नाही गेलं म्हणून तिचा जीव टांगणीला लागायचा. अशा बाईला दिराने एक दिवस अहमदाबादहून फोनवर विचारलं, "भाभी, तुमच्या ब्लॉगवर जाहिराती का घेत नाही?" झालं. हा एक प्रश्न तिला वर्षभर पुरला.

ब्लॉगचं नाव होतं 'बा म्हणतात'. बा म्हणजे तिच्या सासूबाई, जासूदबेन. खंभातच्या आमच्या गल्लीत जासूदबांना कोण ओळखत नाही! सत्तरी ओलांडलेली, काटकुळी, जिभेने तिखट बाई. जैन घर, कांदा-बटाटा तर कधी आलाच नाही, पण पंचमी-अष्टमीला हिरवी मिरचीसुद्धा नाही. मिरचीचं काम त्यांची जीभ करायची. किन्नरी लग्न होऊन आली तेव्हा कोणत्या तिथीला काय चालतं, मूग किती वेळ भिजले की चालत नाहीत, खाखरा कधी शिळा धरायचा, हे सगळं त्यांनी तिला शिकवलं. शिकवलं म्हणजे बोलून बोलून तिच्या हाडात मुरवलं.

आठ वर्षांपूर्वी ते सगळं ती लिहू लागली. एका पानावर रोजची तिथी आणि गावोगावच्या सूर्यास्ताच्या वेळा, दुसऱ्यावर तिथीला चालेल असा एक पदार्थ. प्रत्येक लेख 'बा म्हणतात' असा सुरू व्हायचा. आधी नणंदा वाचायच्या. मग नणंदांच्या जावा, मग मुलुंड, रतलाम, कोइमतूर, नैरोबी. दूरदेशी लग्न करून गेलेल्या पोरी लिहायच्या, "आमच्या सासूबाई अशा असत्या तर!" किन्नरी ते वाचून फोन पालथा ठेवायची, कारण बा मागेच उभ्या असायच्या आणि विचारत असायच्या, "पीठ मळून झालं, की त्या डबीतच मळणार आहेस?"

दिराचं, पूर्वेशचं म्हणणं सरळ होतं. पर्युषणात ब्लॉगवर माणसांची रीघ लागते, तेव्हा त्याआधीच जाहिराती सुरू करा. कंपनी आपोआप त्या लावते, आपण काही करायचं नसतं, पैसे खात्यात येतात.

"पर्युषणात?" किन्नरी म्हणाली. "लोक उपास करणार, आणि मी दुकान मांडू?"

"भाभी, देरासरच्या दारात फुलवाला पर्युषणातच बसतो ना?"

"तो फुलं विकतो. माझ्या पानावर काय येईल कुणास ठाऊक!"

हे मात्र तिने बरोबर ओळखलं होतं. काय येईल हे पूर्वेशलाही सांगता येईना. नको असलेले प्रकार आधी कळवायची सोय आहे म्हणाला. त्या यादीत मांस होतं, दारू होती, जुगार होता. बटाटा नव्हता. कंपनीच्या लेखी बटाटा अगदी निरुपद्रवी. बांनी सांगितलेल्या पच्चक्खाणाच्या, म्हणजे त्यागाच्या नेमाच्या, शेजारी बटाट्याच्या वेफर्सचं पुडकं झळकतंय, असं दृश्य तिच्या डोळ्यापुढे आलं आणि तिने पर्युषणाचा बेत सोडून दिला.

सोडला, पण विसरली नाही. कारण त्या साली बांचं वर्षीतप चालू होतं. एक दिवस निव्वळ उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत. दुसऱ्या दिवशी दोन वेळचं जेवण, एका जागी बसून. त्याला बियासणं म्हणतात. पुन्हा उपास. असं तेरा महिने, थेट अक्षय्यतृतीयेला उसाच्या रसाने पारणं होईपर्यंत. ज्या घरात असं तप चालतं त्या घराचं भाग्य, असं आम्ही मानतो. तपस्वीच्या ताटात आपलं काहीतरी पडावं म्हणून नातेवाईक धडपडतात. नणंदा बदाम घेऊन आल्या, मावससासू केशर देऊन गेली. किन्नरी रोज रांधून वाढत होती. पण ते धान्य, ते तूप नवऱ्याच्या अकीकाच्या मण्यांच्या दुकानातून आलेलं. "आपलं काय पडतं ताटात?" हे तिला आतून कुरतडू लागलं. स्वतःच्या नावाचं एक बोट तूप, एवढीच तिची हाव होती. हावच म्हणायची, पण इतकी गरीब हाव मी दुसरी पाहिली नाही.

हितेनला, नवऱ्याला, तिने विचारलं. तो स्वभावाने मेणासारखा. म्हणाला, "तुला वाटतं तर लाव."

"बांना विचारू?"

"बांना कशाला विचारतेस? त्या नाही म्हणतील."

हाच तो क्षण. न विचारण्याचं कारण 'त्या नाही म्हणतील' हे असेल तर विचारलंच पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. किन्नरीलाही कळलं. पण तिने दिवाळीनंतरच्या लाभपंचमीचा मुहूर्त काढला. त्या दिवशी सगळं गाव वह्यांची पूजा करून दुकानं उघडतं, त्यात एक हिचंही उघडलं. चौघडियं बघून, हात धुऊन, नवकार म्हणून तिने पूर्वेशने सांगितलेलं बटण दाबलं. मग तासभर तेच पान पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिली. एकदा गुडघेदुखीचं तेल आलं. एकदा सोनंतारण कर्ज. एकदा सुटकेसा. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तिसऱ्या दिवशी रतलामच्या एका बाईंनी कळवलं की मेथीच्या ठेपल्याखाली फ्रेंच फ्राइज दिसताहेत, जयजिनेंद्र. ते कुठून बंद करायचं हे शोधताना किन्नरीचं दुपारचं जेवण राहिलं.

पैसे माघात आले. फार नव्हते, पण हितेनपुढे हात न पसरता आलेले पहिलेच. पैसे कुठले ते घरी न सांगता ती पांजरापोळीत गेली आणि गाईच्या तुपाचा डबा घेऊन आली. सोबत काजू-बदाम, कारण होळीच्या सुमाराला फागण चौमासी लागली की सुका मेवा बंद. बियासण्याच्या दिवशी मुगावर तिने ते तूप वाढलं. बांनी पहिला घास घेतला. उष्ट्या तोंडाने बोलायचं नसतं, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली आणि वाटीकडे बोट दाखवलं. आणखी वाढ! वीस वर्षांत त्यांनी 'आणखी'ची खूण केलेली किन्नरीला आठवत नव्हती. स्वयंपाकघरात जाऊन तिने पदराने डोळे पुसले आणि ओट्याला पाठ लावून उगीचच हसत उभी राहिली.

ते सुख महिनाभर टिकलं.

होळीनंतर विहार करत करत तीन साध्वीजी गावात आल्या आणि काही दिवस उपाश्रयात थांबल्या. मोठ्या साध्वीजी, संयमरसाश्रीजी, रोज सकाळी व्याख्यान देत. बा पुढच्या रांगेत, भिंतीला न टेकता. किन्नरी मागे, दाराशी. त्या दिवशी विषय निघाला द्रव्याचा. देवाला वाहिलेलं देवाचं, ते घरात वापरता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक. साध्वीजी पुढे म्हणाल्या, "तसंच ज्ञानाचं. ज्ञानाच्या नावाने आलेला पैसा ज्ञानाकडेच गेला पाहिजे. तो घरच्या चुलीवर चढवला तर खाणाऱ्याच्या ताटात दोष येतो. नकळत खाल्लं तरी येतो."

पुढच्या रांगेत बांची मान हलली, अगदी तूप खाताना हलली होती तशीच.

मागे दाराशी किन्नरी हिशेब मांडू लागली. तिथी हे ज्ञान. पच्चक्खाण हे ज्ञान. त्याच्या शेजारी गुडघ्याचं तेल विकून आलेला पैसा आपण तुपात घातला, आणि ते तूप कुणाला वाढलं? अकरा-बारा महिने पाण्यावर दिवस काढणाऱ्या तपस्वीला! घरी येताना बा म्हणाल्या, "बरोब्बर बोलल्या महाराजसाहेब. लोकांना हल्ली कशाचा विधिनिषेध राहिलेला नाही." किन्नरी "हो बा" म्हणाली आणि चपलेचा अंगठा सुटल्याचं निमित्त करून मागे राहिली.

दुपारी ती एकटीच उपाश्रयात गेली. संयमरसाश्रीजी लाकडी पात्राला रंगाचा हात देत बसल्या होत्या. "मत्थएण वंदामि" म्हणून ती बसली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "महाराजसाहेब, जाहिराती ठेवू की काढू?"

"बेन, दुकान चालव असं मी कसं म्हणू? तो संसार तुमचा. त्यात 'कर' म्हणायची मला मोकळीक नाही." त्या पात्र फिरवत राहिल्या. "लिहितेस काय?"

"तिथी. सूर्यास्ताच्या वेळा. पदार्थ."

"तिथी तुझी आहे?"

"नाही."

"पदार्थ?"

"बांचे."

"मग मला काय विचारतेस? ज्यांचं आहे त्यांना विचार. जे खाल्लं तेही त्यांनीच खाल्लंय."

"पण त्यांचं तप..."

"तप त्यांचं आहे, वहू. तू त्याची राखण करायला बसलेली नाहीस." एवढं बोलून साध्वीजींनी पात्र उन्हात ठेवलं.

किन्नरीला हवं होतं 'काढ' किंवा 'ठेव'. मिळालं हे. ज्या माणसाला टाळायला इतका फेरा घातला त्याच माणसापुढे येऊन उभं राहायचं, याच्यापेक्षा एखादा कडक उपास परवडला असता.

मग सुरू झाली तिची खरी तगमग. सांगायचं कधी? बियासण्याच्या दिवशी जेवणाआधी सांगितलं तर बा ताटावरून उठतील, आणि तीन उपास जोडून घडतील. या वयात चक्कर येऊन पडल्या तर? जेवणानंतर सांगितलं तर पोटात गेलेला घासही डाचेल. उपासाच्या दिवशी सांगावं, तर रिकाम्या पोटी असलं ऐकवायचं? पारणं झाल्यावर सांगू, असंही एकदा मनात आलं. पण तोवर महिना-सव्वा महिना रोज तोंडाला तोंड द्यायचं होतं. आणि पारण्याला सगळे नातेवाईक 'निर्विघ्न पार पडलं' म्हणतील तेव्हा आपण कुठे बघायचं? जाहिरात कधी लावायची याचा मुहूर्त सापडला होता. हे सांगायचा मुहूर्त कुठल्याच पंचांगात नव्हता.

तेवढ्यात तिने एक शहाणपण केलं. तुपाचा डबा, अजून निम्मा भरलेला, माळ्यावर गोधड्यांमागे लपवला आणि दुकानातून नेहमीचं तूप आणलं. निदान पुढचा घास तरी निर्दोष जाईल, असा हिशेब. अशी शहाणपणं माणसाला नेमकी घाईतच सुचतात.

दुसऱ्या दिवशी बियासणं होतं. बा पूजा आटोपून आल्या, पाटावर बसल्या. एकदा बसलं आणि जेवून उठलं की ती वेळ संपली, म्हणून सगळं आधी जवळ मांडून ठेवायचं. मूग, खाखरा, सुंठ-गुळाची गोळी, उकळलेलं पाणी. किन्नरीने मुगावर तूप घातलं. बांनी घासाकडे नेलेला हात थांबवला. वाटी नाकाशी नेली.

"हे पांजरापोळीचं नाही."

"नाही बा."

"ते संपलं?"

हो म्हणायला किती वेळ लागतो? किन्नरीच्या तोंडातून तो एक शब्द निघेना. परवाच बांनी तो डबा उघडून बघितला होता, निम्मा होता, हे दोघींनाही माहीत होतं.

"संपलं नाही. लपवलं."

"लपवलं? कुणापासून?"

"तुमच्यापासून." आणि मग बांध फुटला. दिराचा फोन, लाभपंचमी, बटण, गुडघ्याचं तेल, पांजरापोळ, व्याख्यान. सांगता सांगता ती पाटासमोर फरशीवरच बसली. "मला वाटलं, पहिली कमाई तुमच्या ताटात पडावी. बा, मला माहीत नव्हतं. तुमच्या तपाला माझ्यामुळे डाग लागला. आता काय करायचं ते तुम्हीच सांगा, पण जेवण टाकू नका. पाया पडते."

 ताटातले मूग गार होत होते. किन्नरी त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. हात मांडीवर होता. ना ताटाकडे गेला, ना जमिनीवर टेकला. काल दिवसभर या बाईने पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही, परवा सूर्यास्ताआधी शेवटचा घास, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं. बाहेर भाजीवाला ओरडून गेला.

"तो ब्लॉग की काय तो," बा शेवटी म्हणाल्या, "त्यात माझं नाव आहे ना? काढ बघू. वाच."

"आत्ता? आधी जेवा ना."

"खरकट्या तोंडाने बोलता येत नाही मला, आणि आज मला बोलायचंय. वाच."

आठ वर्षं गल्लीतल्या बायकांनी वाचलं, नैरोबीने वाचलं. बांनी एक ओळ वाचली नव्हती. किन्नरीने फोन उघडला. समोर जे आलं ते वाचू लागली. "बा म्हणतात, 'बेटा, कणीक मळताना घाई करू नकोस, हात तिला कळतो. चुकलं तर चुकू दे, उद्या पुन्हा करू.'"

"हे मी म्हटलं?"

"म्हणजे... तसंच काहीतरी."

"मी म्हटलं होतं, 'हात आहेत की खुरपी?' पुढे वाच."

"बा म्हणतात, 'उपासाच्या दिवशी वहूने दमू नये, म्हणून मी आदल्या दिवशीच भाजी निवडून ठेवते.'"

"कधी ठेवली मी?"

 किन्नरीने आणखी दोन लेख वाचले. दोन्हींत बा हसत होत्या, पाठीवरून हात फिरवत होत्या, सुनेला आधी वाढून मग जेवत होत्या. मधेच सुटकेसांची जाहिरात आली, ती तिने घाईघाईने वर सरकवली.

"तिथी आणि सूर्यास्त ज्या पानावर आहे," बा म्हणाल्या, "तिथलं दुकान आज काढ. सूर्य काही तुझ्या सासऱ्याचा नाही. तेवढ्या पानाचा जो पैसा आला असेल तो उपाश्रयात ज्ञानखात्यात टाक, वर थोडा जास्त. मी खाल्लं त्याचं प्रायश्चित्त महाराजसाहेब देतील ते मी घेईन, आणि तूही माझ्या शेजारी बसून घेशील."

"हो बा. आणि पदार्थांच्या पानावरच्या? त्याही काढते."

"त्या कशाला? ते ज्ञान आहे होय? ती माझी कटकट आहे. माझ्या सासूने माझ्यावर केली, मी तुझ्यावर केली. कटकटीच्या पैशाला उपाश्रयात खातं नाही."

किन्नरीला हसू आलं आणि त्याच्यामागोमाग रडू. दोन्ही एकदम आवरता आवरेनात.

"रडू नकोस, मुगात पडेल." बांनी बोटाने फोनकडे खूण केली. "तुपाचं मला एवढं काही वाटत नाही. पण ही कोण बाई उभी केलीस तू? इतकी गोड! हिच्या घरात चार दिवस राहावं लागलं तर मला मळमळेल."

"लोकांना आवडते ती, बा."

"लोकांना आवडेल. लोकांना कुठे तिच्या हाताखाली नांदायचंय!" मग आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "आणि तुला?"

किन्नरीने वर पाहिलं. वीस वर्षांत बांच्या चेहऱ्याकडे इतका वेळ तिने कधी पाहिलं नसेल. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले, आणि डोळे उत्तराची वाट बघणारे. 'तुम्हीच आवडता' म्हणणं सोपं होतं. पण एवढं कबूल केल्यावर पुन्हा खोटं, तेही या पाटासमोर, तिच्या जिभेवर येईना.

"मला पण तीच आवडते, बा," ती म्हणाली.

 बांनी मुगाची वाटी उचलली, गार झाली की नाही ते बोट लावून पाहिलं, आणि सुनेपुढे धरली.

"गरम करून आण. आणि माळ्यावरचं तूप काढ, तेही आता कटकटीचंच. तुझ्या त्या बाईने सांगितलंय ना, वहूने दमू नये म्हणून? तर स्टूल घेऊन चढ, डब्यावर डबा ठेवून चढू नकोस. पडलीस तर माझं बियासणं कोण वाढणार?"